कुटार किती हात गेलं

मंडपम, तामिळनाडू
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझ्या हिवऱ्यात मोबाइलला रेंज नाही म्हणून पत्र लिहावं लागतं, आणि खरं सांगू, मला ते बरंच वाटतं. टेकडीवर चढून फोन लावलास तरी तू "जेवली का?" एवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस.

बाबांच्या अर्धांगाच्या झटक्याला आठ महिने झाले. डावा हात अजून उचलत नाही. लोकांचे हातपाय चालते करायचं मी शिकले, आणि माझ्या बापाचा हात नालवाडीत दुसरंच कुणीतरी हलवतंय. घराजवळच, वर्ध्याला सावंगीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची जागा मिळते आहे. ३१ मार्चपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. आई म्हणते, ये. बाबा काहीच म्हणत नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

मग अडलंय कुठे? पाण्यावर अडलंय. हसू नकोस.

इथे मी दोन वर्षं एक खेळ शिकते आहे. पायाखाली एक फळी असते. फळीच्या खाली पाण्यात बुडालेली पावणेदोन हातांची काठी, आणि काठीच्या टोकाला विमानासारखं छोटं पातं. त्याला फॉइल म्हणतात. हातात हवा भरलेला मोठा पंख धरायचा. वाऱ्याने वेग आला की ते पातं पाण्याच्या आतूनच आपल्याला उचलतं. फळी पाणी सोडते. आधी लाटांचा खडखड आवाज असतो, तो एकदम बंद होतो. पहिल्यांदा वर गेले तेव्हा मी खालीच बघत राहिले. आपल्याखाली पाणी पळतंय आणि आपण त्याला शिवतही नाही! त्या दिवशी खोलीवर येऊन मी जेवले नाही, नुसती बसून राहिले.

वर्ध्याला आले तर हे सुटेल. आणि हे सोडून आले तर कधीतरी मी बाबांवरच चिडेन, हे मला माझं माहीत आहे. हे कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

खापरीचं धरण तुझ्या अंगणापुढे आहे. तिथला खरा वारा किती? मोबाइल सांगतो तो नुसता अंदाज. तू मला मोजून कळवशील का?

तुझी,
वर्षाली


हिवरा
१९ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षाली,

पत्र तीनदा वाचलं. फॉइल म्हणजे डब्यात पोळी गुंडाळतात तो चमकता कागद, एवढंच मला ठाऊक होतं. तुझ्या पायाखाली तो कागद कसा टिकतो म्हणून मी पहिल्या वाचनात घाबरले होते.

वारा मोजायला तू योग्य माणसाला सांगितलंस. एकतीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं आणि उंची रजिस्टरात लिहिली. निवृत्त झाले तरी हाताची सवय जात नाही. एक कोरं रजिस्टर पेटीत होतं, त्यावर "वारा" असं लिहून रेघा मारल्या.

यंत्र माझ्याकडे नाही, पण सूप आहे. आता मळणी यंत्रावर होते, तरी बियाण्याचं आणि घरच्या डाळीचं धान्य मी आणि कोलामांच्या वस्तीवरची, पोडावरची रामबाई अजून वाऱ्यावरच उपणतो. धरणाच्या पाळीवर, बांधावर, तिपाई मांडायची, वर उभं राहायचं आणि वारा आला की डोक्यावरून सूप हलवायचं. दाणा सरळ पायाशी पडतो. हलकं कुटार, म्हणजे भुसा, मात्र वाऱ्याबरोबर पुढे जातं. ते किती हात गेलं, तेवढा वारा. रोज चार वाजता मी मोजते आहे. मापात फरक नको म्हणून गेल्या सालच्या तुरीचं एक पोतं कुटार वेगळं ठेवलंय. रामबाई हाताने जमीन मोजते आणि मी लिहिते.

तुझ्या भाषेत हाताचे किती होतात ते तूच काढ. त्यासाठी त्याच पोत्यातलं किलोभर कुटार पार्सलने पाठवते आहे. पोस्टातला पोऱ्या म्हणाला, "मावशी, म्हशीले पाठवून राह्यल्या का?" मी म्हटलं, "भाचीले."

बापावर चिडेन असं लिहिलंस, बरं केलंस. मनात ठेवून आली असतीस तर ते घरभर सांडलं असतं.

तुझी,
कुसुमआत्या


मंडपम
१४ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

कुटार पोचलं. पिशवी उघडली आणि हिवऱ्याचा वास आला. मी त्या वासाने रडले, हे इथे कुणाला कळू दिलं नाही.

गेल्या रविवारी वाळूवर खुर्ची मांडून वर उभी राहिले आणि शेजारी वारा मोजायचं यंत्र ठेवलं. आमचे प्रशिक्षक, तीन कोळी आणि एक कुत्रं एवढे जण बघायला जमले. मी सूप मागितलं तर थाळी आणून दिली. हिशेब निघाला: कुटार सहा हात गेलं की वारा आठ नॉट. चार हात गेलं तर पाच. पाचात मला कुणी उचलू शकत नाही. आठात वर येता येतं, पण पातं बरोबर हवं.

आता पात्याचं ऐक. आमचे प्रशिक्षक मार्चअखेर परदेशी चाललेत, त्यांच्याकडची दोन जुनी पाती आहेत. मला एकच मिळेल. एक रुंद, जाड आणि आखूड आहे. ते थोड्याशा वेगातही चटकन उचलतं, पण त्याला सतत ओढ लागते. वारा थांबला की तेही थांबतं. दुसरं लांब आणि निमुळतं, उभं धरलं तर माझ्या छातीपर्यंत येईल एवढं. त्याला उचलायला आधी जास्त घाम गाळावा लागतो, पण एकदा वर गेलं की घसरत लांब जातं.

हलक्या वाऱ्यासाठी सगळे रुंदच घ्यायला सांगतात. वारा हलका पण सलग असेल तर मीही तेच घेईन. तुझ्या रजिस्टरवर सगळं आहे.

वर्षाली


हिवरा
२० जानेवारी २०२६

चि. वर्षाली,

दोन महिन्यांची नक्कल सोबत जोडली आहे. एकूण एक्कावन्न नोंदी. सहा हात, सात हात, सहा, साडेसहा, एकदा तर नऊ. पाच हातांच्या खाली एकही नोंद नाही! मी स्वतः थक्क झाले. याच पाळीवर मी चाळीस वर्षं उपणते आहे, पण आपल्या गावचा वारा इतका गुणी असेल असं वाटलं नव्हतं.

मच्छीमार संस्थेच्या नत्थूला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, "येऊ द्या पोरीले. म्या डोंगा घेऊन जवळच राहीन." पाण्यात जुन्या बाभळींची खुंटं आहेत, तिथे बांबू रोवून तो खुणा करणार आहे.

दादाला, तुझ्या बापाला, मी सांगितलं. तो म्हणाला, "कुसुम, हे... उडनं... खरं हाय का?" मी म्हटलं, "रजिस्टरात लिहिलं आहे." 

ये.

तुझी,
आत्या


मंडपम
१७ फेब्रुवारी २०२६

आत्या,

हिवऱ्याहून निघताना तुझ्याशी धड बोलले नाही, म्हणून लिहिते आहे. राग तुझ्यावर नव्हता. बहुतेक नव्हता.

तुझ्या एक्कावन्न नोंदींवर भरवसा ठेवून मी रुंद पातं आणलं. शनिवारी धरणावर फळी उचलली, दहा-बारा हात गेले, आणि वारा नाहीसा झाला. कमी झाला नाही, नाहीसा झाला. मी थपकन खाली. पुन्हा वारा, पुन्हा वर, पुन्हा खाली. रविवारी तेच. चौदा वेळा पडले, तू मोजलं असशीलच. बाबा खुर्चीवर बसून पाहत होते. चौदाव्या वेळी त्यांनी मान फिरवली ते मला पाण्यातून दिसलं.

तुझ्या रजिस्टरात वारा सलग होता. खऱ्या धरणावर तो एक घोट पाजतो आणि भांडं काढून घेतो. एवढे दिवस मोजून ते तुला दिसलं कसं नाही? की मी यावं म्हणून तू चांगलं चांगलं तेवढंच लिहिलंस?

हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही. सावंगीला "नाही" कळवायचं पत्र लिहून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही.

वर्षाली


हिवरा
२८ फेब्रुवारी २०२६

चि. वर्षाली,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी रजिस्टर उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी रामबाईला ते वाचून दाखवलं. कोलामांच्या त्या पोडावर तिच्याएवढं उपणलेलं दुसरं कुणी नाही. शाळेत ती कधी गेली नाही. तिने ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "बाई, वारा येते तवा तू सूप हालवते, अन् तवाच लिवते. मंग वारा नसते तवाचं कोन लिवते?"

मी तिपाईवरच बसले गं. चाळीस वर्षांची सवय! उपणणारी बाई वाऱ्याची वाट पाहते. वारा नसला की सूप खाली धरून उभी राहते, इकडच्या तिकडच्या गोष्टी करते. तो वेळ आमच्या हिशेबात कामाचा नाहीच. वारा आला की हात आपोआप वर जातो. मी तुला फक्त आलेला वारा लिहिला. न आलेला लिहायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोरी, मी खोटं लिहिलं नाही, पण जे लिहिलं ते अर्धंच होतं. माझी चूक झाली.

मग आम्ही दोघी चार दिवस सूप न घेता बसलो. रामबाई पदराचं टोक धरून वारा पडला की "गेला" म्हणायची, आला की "आला" म्हणायची. मी घड्याळाचा सेकंदकाटा पाहून मधला वेळ लिहिला. एकशे बेचाळीस नोंदी सोबत आहेत. बहुतेक वेळा पंधरा ते तीस सेकंद वारा नसतो. काही वेळा चाळीस. अकरा वेळा दीड मिनिटाच्या वर गेला.

हे अकरा आकडे लिहिताना माझा हात थांबला होता, तेही सांगते. हे वाचून तू यायची नाहीस असं वाटलं. दादाचा चेहरा समोर आला. अंगणवाडीत एकदा "कमी वजनात लिहू नका" म्हणून रडणाऱ्या एका मायला भुलून मी तिच्या लेकराचं वजन पावभर वाढवून लिहिलं होतं. त्या पावभराने ते जास्तीच्या आहाराच्या यादीतून सुटलं आणि महिनाभरात खाटेला लागलं. वाचलं, पण मी तेव्हा कानाला खडा लावला. म्हणून अकराच्या अकरा लिहिले.

आता एक माझ्या अडाणी बुद्धीचं. कोंबडीचे पंख रुंद आणि आखूड. फडफड करून ती कुंपणावर चढते आणि पंख थांबले की धपकन खाली. धरणावर घार असते, तिचे लांब. काल वारा पडला तरी ती पडली नाही, घसरत घसरत पुढच्या वाऱ्यापर्यंत गेली. मी मोजलं, एकतीस सेकंद. तू कोंबडीचं पातं आणलंस असं मला वाटतं.

सावंगीचं पत्र टाकायचं की नाही ते तुझं तू ठरव. तुझ्यावर माझा राग नाही.

आत्या


मंडपम
१४ मार्च २०२६

प्रिय आत्या,

माफ कर. पाया पडते.

तुझे एकशे बेचाळीस आकडे मी प्रशिक्षकांना दाखवले. त्यांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. म्हणाले, वारा किती हे सगळे मोजतात. वाऱ्याच्या मधली जागा कुणी मोजलेली मी आयुष्यात पाहिली नाही. त्यांनी रुंद पातं परत घेऊन लांब दिलं. घारीचं सांगितलं तर ते इतके हसले की चहा सांडला.

लांब पात्यावर वारा पडला की पायांनी फळी दाबत, सोडत, दाबत राहावं लागतं. त्याने घसरण लांबते. मी गेले आठ दिवस पहाटे पंख किनाऱ्यावर ठेवून नुसत्या पायांनी तेच करते आहे. काल अठ्ठावीस सेकंद झाले. मांड्या पेटल्यासारख्या झाल्या आहेत. तुझे ते अकरा दीड मिनिटांचे मला जमणार नाहीत, तेव्हा मी पडेन. पण बाकीचे एकशे एकतीस आहेत.

रविवारी, २२ तारखेला येते. पत्र अजून टाकलेलं नाही.

तुझी,
वर्षाली


हिवरा
२४ मार्च २०२६

चि. वर्षाली,

रविवारी तू दादासोबत लगेच नालवाडीला गेलीस, तुझ्याशी बोलता आलं नाही. आज जमतंय तसं लिहिते.

पाळीवरून काय दिसलं ते तुला कळायचं नाही, कारण तू तिकडे होतीस. दादा खुर्चीवर, मी त्याच्या मागे, नत्थू डोंग्यात. रामबाई न सांगता तिपाईवर चढली होती, तुला वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून सुपातून कुटार सोडत होती. पहिल्यांदा तुला उठायला फार वेळ लागला. तू पंख ओढत होतीस, पाय मारत होतीस, फळी पाण्याला चिकटून बसली होती. दादा पुटपुटला, "नाई होत." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

मग कुटार सात हात गेलं आणि तू उठलीस. फळीखाली उजेड दिसला. तुझ्या आणि पाण्याच्या मधून पलीकडचा काठ दिसला, वर्षाली! आवाज काहीच नाही. डोंग्याच्या वल्ह्याचाही नाही, नत्थू वल्हवायचं विसरला होता.

आणि वारा पडला. रामबाईच्या सुपातलं कुटार सरळ तिच्या पायाशी पडलं, दाण्यासारखं. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. कुटार पायाशी पडत होतं आणि तू वर होतीस. एक, दोन, तीन... मी मोजत होते. दहा झाले. पंधरा. पाणी आरशासारखं होतं आणि तू त्यावरून जात होतीस, कशाच्या जोरावर ते मला दिसत नव्हतं. त्या पाळीवर उभ्या राहून वारा नसण्याच्या वेळात मी आयुष्यभर नुसती थांबले. त्या वेळात कुणी जाऊ शकतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. सव्विसाव्या सेकंदाला रामबाईचा पदर हलला आणि तू वळलीस.

रामबाई तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला नाही, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

नंतर तू दोनदा पडलीस, तेही पाहिलं. दादाने त्या वेळी मान फिरवली नाही.

त्या सव्वीस सेकंदांत तुला काय वाटलं? दुसरं काही मी विचारत नाही. जे विचारायचं आहे ते तुला माहीत आहे.

तुझी,
आत्या


नालवाडी
२ एप्रिल २०२६

प्रिय आत्या,

पहिले दहा सेकंद मला फक्त माझ्या मांड्या जाणवत होत्या. वारा गेला हे हातातला पंख हलका झाल्यावर कळलं. आता पडणार असं वाटलं, मग पडले नाही. दाबलं, सोडलं, पुन्हा पडले नाही. त्यानंतर मी खाली पाहिलं. समुद्रात खाली फक्त निळं असतं. इथे पाणी इतकं स्थिर होतं की त्यात पाळ दिसली, तिपाई दिसली, तुम्ही सगळे उलटे दिसलात. मी तुमच्यावरून चालले होते. भीती गेली आणि छाती इतकी भरून आली की श्वास घ्यायचा राहिला. एवढं मोठं काही मला समुद्रावर कधी वाटलं नव्हतं. बाबांकडे यायचं म्हणजे काहीतरी सोडून यायचं, असं मी सहा महिने धरून बसले होते. कशाला, ते आता मला आठवतही नाही.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, "नाही"चं पत्र फाडलं, सावंगीला "हो" कळवलं आणि सामान आणायला मंडपमला गेले. परवा रात्री उशिरा परत आले आणि काल सकाळी सावंगीला रुजू झाले. संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून उघडायला लागले. आधी त्यांना वाटलं मी दोन दिवसांची पाहुणी आहे. मी सांगितलं, नोकरी लागली, इथेच. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागतो.

मग म्हणाले, "मंग आता... रोज... घरी येशीन?"

मी म्हटलं, "हो बाबा, रोज."

ते रडले, आत्या. मीही रडले, आणि हात सोडला नाही.

तुझी,
वर्षाली